एकेचाळिसावी संध्याकाळ

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी नेडीन वाइत्सेलने दिवसातला सातवा फोन उचलला, तेव्हा तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. लाँगमाँटच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या बॅकअपचे टेप ड्राइव्ह बनत. ते बिघडले की देशभरातले लोक नेडीनच्या खोलीत फोन करत. खोलीत चौदा टेबलं होती, चौदा फोन. तिसऱ्या टेबलावर ती अकरा वर्षं बसत होती. सगळ्यांत कमी वेळात फोन उरकणारी म्हणून भिंतीवरच्या पाटीवर तिचं नाव पाचदा लागलं होतं, आणि येताजाता ती ते वाचत नसे असं नाही.

"बोला, काय अडलंय?"

"नमस्कार बाई. मी हॉलिस टेगमायर. नेब्रास्कातून बोलतोय, किंबलहून." माणूस वयस्कर होता, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलत होता. "तुमचा ड्राइव्ह आहे माझ्याकडे. बॅकअप परत उतरवून घेतोय. टेप मध्येच थांबते."

"ड्राइव्ह साफ केला होतात? साफ करायची कॅसेट मिळते बघा..."

"दोनदा केला. आणि बाई, टेप वाचणारं मशीनचं डोकं मळलं असतं तर थांबायची जागा दर वेळी बदलली असती. ही बदलत नाही. तेहतीस फोल्डर येतात, चौतिसावा येत नाही. पाचदा केलं, पाचही वेळा तिथंच."

नेडीनने खुर्ची पुढे ओढली. असं बोलणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादंच यायचं. "तुम्ही यातलेच दिसताय."

"नाही हो. मी रेडिओवाला. चाळीस वर्षं इथल्या स्टेशनवर इंजिनियर होतो. ट्रान्समीटर, मायक्रोफोन, वायरी. कॉम्प्युटर म्हातारपणी शिकलो."

तिने त्याला ड्राइव्ह उलटा करायला सांगितला. खालच्या बाजूला चार बारीक खटके होते, त्यांतला तिसरा कॉम्प्रेशनचा, म्हणजे माहिती दाबून बसवायचा. तो वर आहे, म्हातारा म्हणाला. खाली करा, टेप पुन्हा लावा. त्याने केलं. पंचवीस मिनिटं दोघं फोन धरून बसले. नेडीनच्या हिशोबात एका फोनला आठ मिनिटं पुरायची, पण तिने फोन ठेवला नाही. तेवढ्या वेळात तिला कळलं, की ऑगस्टमध्ये त्याच्या घरावर वीज पडली. कॉम्प्युटर जळाला, डिस्क जळाली, जुना टेप ड्राइव्हही जळाला. टेप तेवढी कपाटात होती. हा ड्राइव्ह नवा, पण मॉडेल तेच.

"थांबली," तो म्हणाला. "तेहतिसावरच."

"टेपवर आहे तरी काय, मिस्टर टेगमायर? हिशोब? पत्रं?"

"आवाज आहे." तो म्हणाला. "माझ्या बायकोचा."

मग त्याने सांगितलं, जसं आजूबाजूच्या हवामानाबद्दल सांगावं तसं. लव्हॉन त्याच स्टेशनवर गव्हाचे भाव आणि हवामान वाचायची. सव्वीस वर्षं. अख्ख्या त्या मुलखात शेतकरी तिच्या आवाजावर घड्याळ लावायचे. त्र्याण्णव साली तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जगायचं असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला सहा आठवडे होते. लव्हॉनने त्याला स्टेशनवरचा मायक्रोफोन घरी आणायला लावला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवला, आणि रोज संध्याकाळी एकटी बसून बोलली. एकेचाळीस संध्याकाळी. ऑपरेशननंतर चौदा महिने ती पाटीवर लिहून बोलली, आणि मग गेली.

"चौतीसपासून एकेचाळीसपर्यंत," तो म्हणाला, "त्या एकेकाच्या नावाच्या आहेत. मुलीची, मुलाची, बहिणींची, नातवंडांची. शेवटची माझी."

नेडीनच्या मनात लगेच एक शक्यता आली आणि तिला बरं वाटलं. जुन्या ड्राइव्हमध्ये दाबायची रीत वेगळी होती. शहाण्णवच्या शेवटी कंपनीने ती बदलली. नव्याला जुन्याचं लिहिलेलं मध्येच वाचता येईनासं व्हायचं, असे दोन-तीन फोन तिला येऊन गेले होते. "मिस्टर टेगमायर, मला वाटतं आवाज टेपवर आहे, पण तुमच्या नव्या मशीनला तो उलगडता येत नाहीये. आमच्याकडे जुनी मशीन जपून ठेवली आहेत. टेप मला पाठवाल?"

"ही एकच आहे, बाई."

"माहीत आहे. मी स्वतः हातात घेईन, आणि माझ्या हातूनच परत पाठवीन."

"मग पाठवतो," तो म्हणाला. "तुमच्या नावाने पाठवतो."

टेप शुक्रवारी आली. कॉफीच्या डब्यात, डब्यात लोकरी मोजा, मोज्यात ती काडेपेटीहून थोडी मोठी डबी. डबीवर ठसठशीत अक्षरात 'लव्हॉन १ ते ४१' लिहिलेलं होतं. नेडीन ती घेऊन मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत गेली. तिथं यूजीन ओकामोतो होता. त्याचे आजोबा तिथंच बीटाची शेती करत. हा टेपांच्या नादाला लागला आणि तीस वर्षं त्याच उद्योगात राहिला. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार.

"काय आणलंस? पुन्हा कुणी मायक्रोवेव्हजवळ ठेवली?"

"नीट बघ, यूजीन. एकच आहे त्याच्याकडे. शहाण्णवच्या आधीच्या मशीनवर लाव."

त्याने मोज्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. फळीवरून एक जुना ड्राइव्ह काढला, पंख्याने झाडला, जोडला. आधी टेपची नक्कल करून घेतली. मग पडद्यावर आकडे सरकू लागले. नेडीन उभी राहिली. जेवणाची सुट्टी झाली, संपली. डब्यातलं सँडविच तिने यूजीनला दिलं आणि त्याने ते न विचारता खाल्लं.

"जुन्यानेही तेहतीसच," शेवटी तो म्हणाला. "उलगडायची अडचण नाही, नेडीन. वाचतोय सगळं व्यवस्थित. पुढे लिहिलेलंच नाही काही."

"टेप तुटली असेल मध्ये."

"टेप संपलीय. हे बघ. पार टोकापर्यंत भरलीय, बोटभरही जागा नाही." त्याने पेन्सिलीने पडद्यावर एक आकडा दाखवला. "आणि हे बघ. डबीवर आपण काय छापतो? चार गिगाबाइट. खरी जागा किती? दोन. बाकीची दोन दाबून बसवायची. पत्रं, हिशोब, याद्या असतील तर बसते. तेच तेच शब्द असतात, मशीन एकदा लिहितं आणि पुढे खुणा करतं. पण या माणसाने आवाज आधीच कॉम्प्युटरवर दाबून घेतला होता. पिळून काढलेला कपडा तू पुन्हा पिळलास, तर काय निघणार? उलट आपलं मशीन प्रत्येक पाकिटावर स्वतःचं आणखी एक पाकीट चढवत बसलं. सामान आटायच्या जागी फुगलं. दोन गिगाबाइटच्या जागेत पावणेदोनच बसलं म्हण."

"पण मग मशीनने सांगितलं असेल ना, की जागा संपली."

"सांगतंच. 'दुसरी टेप घाला' म्हणून विचारतं आणि वाट बघत थांबतं. त्याने दुसरी घातली नाही. रद्द केलं असणार. हो, इथं खूण आहे. रद्द केलं."

रेडिओचा इंजिनियर. जो थांबायची जागा पाचदा तपासून बघतो, तो माणूस 'दुसरी टेप घाला' वाचून रद्द कसं करेल? नेडीनला ते पटेना. आणि परत तिच्या इमारतीकडे येताना, गाड्या लावायच्या जागेच्या मध्यावर, तिला ते पटलं: फोनवर कुणी तसं करायला सांगितलं असेल तर. ती तिथंच उभी राहिली. एक गाडी तिच्यासाठी थांबली, हॉर्न वाजवून वाजवून वळसा घालून गेली.

जुन्या फोनांच्या नोंदी कॉम्प्युटरवर होत्या. तिने टेगमायर टाकलं. एकच नोंद निघाली. फेब्रुवारी एकोणीसशे शहाण्णव. 'गिऱ्हाईक विचारतो: टेपवर चार लिहिलंय, माझं सामान सव्वादोन, तरी मशीन दुसरी टेप मागतं. उत्तर: पत्रक बारा. रद्द करा, सगळं लिहिलं गेलं आहे. वेळ: चार मिनिटं.' खाली उत्तर देणाऱ्याची आद्याक्षरं. एन. डब्ल्यू.

पत्रक बारा तिला पाठ होतं. त्या वर्षी बॅकअपच्या एका प्रोग्रॅममध्ये चूक होती. सगळं लिहून झाल्यावरही तो उगाच दुसरी टेप मागायचा. लोक घाबरून फोन करायचे. कंपनीने पत्रक काढलं: सांगा, रद्द करा. नेडीनने ते दिवसाला दहा-दहा वेळा सांगितलं होतं. जवळपास सगळ्यांच्या बाबतीत ते खरं होतं. तुमच्या टेपवर काय आहे, हे विचारायचं पत्रकात नव्हतं. तिने विचारलं नव्हतं. चार मिनिटांत काम झालं होतं, आणि त्या महिन्यात पाटीवर तिचं नाव लागलं होतं.

गिल आर्चुलेटा त्या खोलीचा साहेब होता. तिने नोंद छापून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली.

"हे बघ नेडीन, तू पत्रकाप्रमाणे सांगितलंस. तुझी चूक नाही."

"मग कुणाची?"

"कुणाची तरी असलीच पाहिजे का?" त्याने दार लोटून घेतलं. "त्याला कळव की टेपवर तेहतीसच आहेत. दुसरी टेप घातली गेली नव्हती. हे खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग झालं तर. पुढचं बोलू नकोस. वरून विचारणा झाली तर मला तुझी बाजू घेता आली पाहिजे. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

"कळतंय रे, गिल," ती म्हणाली. "तू वाईट माणूस नाहीस. पण त्या म्हाताऱ्याला वाटेल, आपण चुकीचं बटण दाबलं. मरेपर्यंत वाटत राहील."

गिलने खिडकीबाहेर पाहिलं. डोंगरावर बर्फाची पहिली रेघ आली होती. "मी तुला काही सांगितलं नाही, आणि तू मला काही विचारलं नाहीस," तो म्हणाला.

तिने आपल्या टेबलावरून फोन केला नाही. प्रयोगशाळेतून केला. यूजीन न सांगता बाहेर जाऊन उभा राहिला.

हॉलिसने पहिल्या घंटेलाच उचलला. "बोला बाई."

"मिस्टर टेगमायर, वाईट बातमी आहे." आणि तिने सगळं सांगितलं. टेप भरली, मशीनने दुसरी मागितली, ती मागणी खरी होती. "तुम्ही रद्द केलंत, कारण आमच्या माणसाने फोनवर तसं सांगितलं. आणि तो माणूस म्हणजे मी. मी नोंद काढली. माझंच नाव आहे."

 पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तुमचा आवाज. मंगळवारी तुम्ही 'काय अडलंय' म्हणालात तेव्हाच ओळखला. चाळीस वर्षं आवाजच ऐकत आलो मी, बाई. त्या वेळीही तुम्ही तसंच म्हणाला होतात."

 नेडीन यूजीनच्या स्टुलावर बसली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मदत करत होता. बोललो असतो तर तुम्ही घाबरला असता, आणि घाबरलेला माणूस नीट काम करत नाही. मला वाटलं, नसेलही तसं. जुन्या मशीनवर निघेलही. तुम्ही म्हणाला होता निघेल."

"म्हणाले होते."

"हं." तो म्हणाला. "मूळ टेपाही नाहीत आता. मोठ्या रिळांवरच्या होत्या, रेडिओच्या. मी स्वतः पुसल्या. चुंबक फिरवून स्वच्छ केल्या आणि चर्चला दिल्या, प्रवचनं भरायला. चांगल्या टेपा होत्या. वाया कशाला घालवायच्या, म्हटलं. डिस्कवर आहे, बॅकअपही आहे."

"मिस्टर टेगमायर..."

"तेवढं मी केलं, बाई. ते तुम्ही नव्हतं सांगितलं."

हे त्याने तिची समजूत काढायला म्हटलं, की स्वतःला दोष लावून घ्यायला, हे तिला कळलं नाही. ती म्हणाली, जे तेहतीस आहेत ते मी सीडीच्या चकत्यांवर उतरवून घेते, आणि स्वतः घेऊन येते. या, तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

नोव्हेंबरभर नेडीनने एक काम केलं. पत्रक बारा ज्यांना ज्यांना वाचून दाखवलं होतं, त्या सगळ्यांची नावं तिने नोंदींतून काढली. दोनशे चौदा निघाली. जेवणाच्या सुट्टीत आणि सुट्टीच्या दिवशी एकेकाला फोन लावले. 'दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला टेप रद्द करायला सांगितलं होतं. कृपा करून ती टेप एकदा तपासता का?' लोक हसले, वैतागले, काहींना ड्राइव्ह होता हेच आठवत नव्हतं. आयडाहोतला एक दातांचा डॉक्टर म्हणाला, "बाई, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?" आणि तासाभराने त्यानेच उलट फोन केला, आवाज बदललेला. त्याच्या टेपवर निम्मे एक्स-रे नव्हते. डिस्क शाबूत होती, म्हणून वाचला. असे एकूण नऊ निघाले. त्या नऊही जणांच्या डिस्का शाबूत होत्या. म्हणजे दोनशे चौदांत बुडाला तो एकच.

ते नऊ कागद तिने गिलच्या टेबलावर ठेवले. त्याने ते वर पाठवले. पत्रक बारा मागे घेतलं गेलं आणि डबीवरच्या 'चार'खाली जरा मोठ्या अक्षरात 'दोन' छापायचं ठरलं. कुणी तिला शाबासकी दिली नाही आणि कुणी रागावलंही नाही. तिचे फोन मात्र आता लांबू लागले. टेपवर काय आहे, असं ती प्रत्येकाला विचारी. पाटीवर दुसऱ्याचं नाव लागलं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी ती किंबलला गेली. सारा रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कापलेला गहू आणि मध्येच तारेच्या कुंपणात जमिनीखालच्या क्षेपणास्त्रांची झाकणं. हॉलिसचं घर गावाच्या टोकाला होतं. छपरावरची जळकी अँटेना त्याने अजून उतरवली नव्हती.

दार एका पंचेचाळिशीच्या बाईने उघडलं. हॉलिसची मुलगी, मार्सीन. सणाला आली होती ती राहिली होती. तिने नेडीनच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं.

"त्या तुम्हीच का?"

"हो. मी नेडीन."

"चौतिसावी माझी होती." ती दारातच उभी राहिली. "आईने पाटीवर लिहून सांगितलं होतं, तुला जे तोंडावर सांगता आलं नाही ते त्यात आहे. मी अठरा वर्षांची असताना घर सोडून गेले होते. सात वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मी म्हटलं, आत्ता नको, दुःख जरा निवू दे, मग ऐकू. पप्पांकडे सुरक्षित आहे."

नेडीनने काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"माफी मागू नका," मार्सीन म्हणाली. "माफी मागितलीत तर मला 'असू दे' म्हणावं लागेल. आणि मला ते म्हणायचं नाहीये."

"नाही मागत."

"मार्सी, बाईंना आत येऊ दे. थंडी आहे," आतून आवाज आला.

हॉलिस उंच होता आणि वाकलेला. त्याने तिच्या हातातलं खोकं घेतलं, चकत्या मोजल्या, आणि क्रमाने टेबलावर सीडी प्लेयरशेजारी मांडल्या. मायक्रोफोन ठेवला होता तेच हे टेबल, हे तिला न सांगता कळलं. लाकडावर तबकडीएवढा फिका गोल होता. मार्सीनने कॉफी ओतली, दालचिनीच्या पावाची बशी ठेवली, आणि हात बांधून ओट्याला टेकून उभी राहिली.

"पहिली लावू का?" नेडीनने विचारलं. "निघताना नीट वाजते ना, एवढं तपासलंय. बाकी ऐकलेलं नाही. ते माझं नव्हे."

"लावा."

आवाज आला. भरदार, सावकाश, शेतातून परत येणाऱ्या माणसाने ऐकावा असा. 'आज सोमवार. बाहेर वारा वायव्येकडून, ताशी वीस मैल. हॉलिसने मायक्रोफोन इतका जवळ लावलाय की मला माझेच दात ऐकू येतायत. तर कुठून सुरू करू? माझ्या आईच्या कोंबड्यांपासून करते.'

मार्सीन वळली आणि नळ सोडून उगाचच एक धुतलेला कप धुऊ लागली. हॉलिस मान खाली घालून बसला होता. कोंबड्यांची गोष्ट चालू राहिली. एक कोंबडा पाद्रीच्या गाडीत बसून पुढच्या गावी गेला होता. त्यावर कुणीही हसलं नाही. चकती संपली तेव्हा हॉलिसने बोटाने बटण दाबलं आणि बोट तिथंच ठेवलं.

"हे मी पहिल्यांदा ऐकलं," तो म्हणाला.

मार्सीनने नळ बंद केला. "म्हणजे काय, पप्पा? तुम्हीच तर कॉम्प्युटरवर भरलंत सगळं."

"भरलं. आवाज बंद ठेवून भरलं." तो कुणाकडेच पाहत नव्हता. "ती म्हणाली होती, मी गेल्यावर ऐक. गेल्यावर मला धीर झाला नाही. एकदा ऐकलं की संपणार, असं वाटायचं. न ऐकलेलं असेपर्यंत तिचं काहीतरी बोलायचं बाकी आहे. म्हणून स्पीकरची वायर काढून ठेवली आणि नुसता काटा बघत बसलो. आवाज किती चढतो ते दाखवणारा काटा असतो ना. भरताना तो बघावाच लागतो, नाहीतर आवाज फाटतो. एकेचाळीस संध्याकाळी मी नुसता काटा बघितला."

"माझीही?" मार्सीनने विचारलं.

"तुझीही. बावीस मिनिटं होती. सुरुवातीला फार हळू होती, मला पातळी वाढवावी लागली. मध्ये एकदा इतकी थांबली की मला वाटलं टेप संपली. मग पुन्हा बोलली, आणि शेवटपर्यंत थांबली नाही."

मार्सीन खाली बसली. हॉलिसच्या खुर्चीशेजारी, जमिनीवरच. चौकटीच्या शर्टाची बाही तिने तोंडाला लावली. हॉलिसने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"आणि तुमची?" नेडीनला विचारायचं नव्हतं, तरी तिने विचारलं.

"एकोणीस मिनिटं." दुसरा हात त्याने टेबलावर उभा धरला आणि तर्जनी काट्यासारखी हलवू लागला, डावीकडून उजवीकडे, थरथरत. "अशी सुरू झाली. भाव वाचायची तशी, एका लयीत. सातव्या मिनिटाला पाणी प्यायली असणार, इथं काटा पडला. मग असा. मग असा. अठराव्या मिनिटाला एकदम लाल रेघेपार गेला. एकदाच. तिचा आवाज कधी लालमध्ये जायचा नाही, सव्वीस वर्षांत गेला नाही."

"हसल्या असतील," नेडीन म्हणाली.

"हसली असेल. रडलीही असेल. काट्याला दोन्ही सारखंच." त्याचं बोट टेबलावर आडवं झालं. "त्याच वेळी वायर लावली असती तर ऐकू आलं असतं. हाताशीच होती."

 नेडीनने कॉफी पिऊन टाकली, कारण न पिता उठणं बरं दिसलं नसतं. तिने बॅगेतून लोकरी मोजा काढला, त्यात मूळ टेप होती. हॉलिसने ती घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि डबीवरचं 'लव्हॉन १ ते ४१' वाचलं. मार्सीनने ओट्यावरचं पेन आणून दिलं. त्याने टोपण काढलं, बराच वेळ पेन हातात धरलं, आणि पुन्हा टोपण लावलं. आकडा तसाच राहिला.

निघताना तो गाडीपर्यंत आला. वारा जोराचा होता. दार धरून म्हणाला, "तुम्ही त्या इतर लोकांना फोन केलेत, ते मार्सीने सांगितलं. तुमच्या साहेबांनी इकडे पत्र पाठवलं होतं. नऊ जणांचं वाचलं म्हणे."

"हो."

"चांगलं केलंत," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि फारसं दुसरंही काही नव्हतं. "रस्त्यात शायेनजवळ बर्फ असेल. सावकाश जा."

नेडीनने पुढच्या वसंतात फोनचं काम सोडलं आणि यूजीनच्या हाताखाली टेपा तपासायला गेली. नाताळात दर वर्षी किंबलहून एक कार्ड येई. तिसऱ्या वर्षी ते मार्सीनच्या अक्षरात आलं. पप्पा सप्टेंबरात गेले, तिने लिहिलं होतं. रोज संध्याकाळी जेवणानंतर ते एक चकती लावायचे. तेहतीस झाल्या की पुन्हा पहिली. मीही आता तसंच करते. तुम्हाला माफ केलेलं नाही, पण कार्ड पाठवत राहीन.

नेडीनने ते दोनदा वाचलं, पाकिटात परत घातलं, आणि उत्तर लिहायला बसली. 'प्रिय मार्सीन' लिहून झालं, आणि पुढचा शब्द सुचेपर्यंत खिडकीबाहेरचा उजेड गेला.